पायाखालचं अपील

केस आम्ही जिंकलो आणि त्यानंतरच आमची खरी फरफट सुरू झाली. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आमच्याकडचे एकदम दोन शहाणे चढले, आणि ते एकमेकांचे साडू. एक आमचे हे, धंद्याने बाइंडर. दुसरे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, कुलुपं दुरुस्त करतात, किल्ल्या बनवून देतात. सगळी गल्ली त्यांना कुलूपवाले म्हणते. मीही म्हणते, कारण तोंड बंद ठेवण्यात त्यांचा हात धरणारा मी अजून पाहिलेला नाही. आम्ही सगळे एकाच इमारतीत राहतो, धाकटी तळमजल्यावर, मी तिसऱ्या. नवरे कोर्टात भांडत होते तेव्हाही आम्ही दोघी दुपारी एकत्र बसून भाजी निवडत होतो. आम्हीही भांडायचं ठरवलं असतं तर त्या दोघांना जेवायला कोण घालणार होतं?

भांडणाचं मूळ एका जागेत. दोघांनी मिळून रस्त्यावर एक गाळा घेतला होता. पुढे मोठ्या खिडकीची खोली, मागे एक अंधारी. मागची सामानाला ठेवून दोघे पुढच्याच खोलीत बसायचे, एका टेबलावर पुस्तकं, दुसऱ्यावर कुलुपं, आणि मध्ये एक चहाची किटली. कुलूपवाले तेव्हाही फार बोलायचे नाहीत, पण ह्यांच्याशी बोलायचे. मग एकदा कानशीखालचा लोखंडाचा कीस ह्यांच्या पांढऱ्याशुभ्र कागदांवर उडाला आणि एका शाळेचं अख्खं काम परत आलं. दुसऱ्याच दिवशी ह्यांची पुठ्ठे चिकटवायची खळ कुलूपवाल्यांच्या एका भारी कुलपात जाऊन वाळली. ती चुकून सांडली असं हे आजही शपथेवर सांगतात. मी शपथ घेत नाही. शब्दाने शब्द वाढला, किटली फुटली, आणि दोघे वेगवेगळ्या वकिलांकडे गेले.

निकाल असा लागला की पुढची खोली बाइंडरला, मागची कुलूपवाल्यांना. न्यायाधीशबाईंनी कारणही दिलं होतं. शिवणीच्या कामाला उजेड लागतो, आणि कुलपाचं काम पुष्कळसं हाताच्या अंदाजाने चालतं. कुलूपवाल्यांना खोली गेल्याचं वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त हे वाक्य झोंबलं. त्या दिवशी ते वर्षभराचं बोलून घेतल्यासारखे भर गल्लीत मोठ्याने बोलले. मी काय आंधळा आहे का, वरच्या कोर्टात जातो, अपील करतो, बघतोच. वाण्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांनी ऐकलं.

आता अपील करायला मुदत असते, आणि ती संपेपर्यंत गाळ्याला कोर्टाचं सील. म्हणजे जिंकूनही आमची खोली कुलपात आणि आमचा धंदा माझ्या बैठकीच्या खोलीत. दारातून आत आलं की डावीकडे पुठ्ठे, उजवीकडे दाब द्यायचा लोखंडी शिकंजा, आणि मधोमध कागद कापायचं मशीन. पाहुणा आला तर मी त्याला कागदाच्या रिमांवर बसवत असे. मशीन तिथे नुसतं उभं होतं, कारण ते चालवलं की खालच्या मजल्यावरच्यांची भांडी खणखणायची. त्यामुळे मोठी कामं सगळी बंद. उरली ती वकिलांची. वरच्या कोर्टात अपील न्यायचं तर त्याचे सगळे कागद नीट शिवून, पुठ्ठ्यात बांधून पुस्तकासारखे द्यावे लागतात, आणि ते काम आमच्या शहरात एकटे हेच करतात.

ह्यांची साठी जवळ आली आहे. रोज संध्याकाळी फिरायला म्हणून जायचे आणि बंद गाळ्यासमोर उभे राहून यायचे. एकदा मी मागोमाग गेले तर हे कोपराने खिडकीची काच पुसत होते. मला म्हणाले, "हात चालताहेत तोवर त्या उजेडात बसायला मिळावं, एवढंच." अपील वर गेलं असतं तर ते पाच-सात वर्षं तिकडेच राहिलं असतं. मग खोली मिळून काय उपयोग होता? मला त्या दिवसापासून ती खोली हवी झाली, अगदी हट्टाने.

आणि इकडे मुदत संपायच्या आदल्या दिवशी समोरून अर्ज आला, आणखी मुदत द्या. अर्जदाराच्या अक्कलदाढेला सूज आल्यामुळे त्याला वकिलांशी बोलता येत नाही. आमचे वकील तरुण आणि तरतरीत. बोलताना पेन असं हलवतात की समोरच्याने डोळे सांभाळावेत. ते घरी आले, रिमांवर बसले आणि म्हणाले की ही शुद्ध थाप आहे, आपण कडाडून विरोध करू. ह्यांनाही भलता आनंद झाला. पन्नाशीत कुठे अक्कलदाढ येते का, आणि आलीच तर साडूला येणार नाही, असं बरंच काही ते बोलले. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. शेवटी बाहेर येऊन सांगितलं की दाढ खरी आहे, चार रात्री धाकटी झोपलेली नाही, आणि लवंगा माझ्याच डब्यातून गेल्या आहेत. वकिलांनी पेन खिशाला लावलं. मुदत मिळाली.

ती संपत आली तेव्हा मी पडले. माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढले. त्या स्टुलाचा एक पाय तोकडा, त्याखाली ह्यांनी पुठ्ठ्याची घडी सारलेली. बाइंडरच्या घरात सगळं पुठ्ठ्यावर उभं असतं. घडी सरकली आणि मी घोट्यावर आपटले. हे एका ग्रंथालयात पुस्तकं पोचवायला गेले होते. माझी हाक ऐकून धाकटी आणि कुलूपवाले धावत वर आले. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. कुलूपवाल्यांनी मला पाठुंगळी घेतलं आणि तीन जिने उतरवलं. प्रत्येक वळणावर थांबून विचारायचे, "दुखतंय का ताई?" त्या वर्षात ते माझ्याशी एवढं कधी बोलले नव्हते.

दवाखान्यात हे धापा टाकत आले. मग दोघे साडू एकाच बाकाच्या दोन टोकांना बसले. माझ्या एक्स-रेचा लिफाफा कुलूपवाल्यांकडे होता. त्यांनी तो नर्सबाईंना दिला आणि नर्सबाईंनी ह्यांना दिला. मध्ये अंतर हातभर असेल. मला दुखत होतं म्हणून, नाहीतर मी दोघांच्याही टाळक्यात तो लिफाफा घातला असता.

दुसऱ्या अर्जात माझा पाय होता. अर्जदाराच्या मेहुणीला दवाखान्यात नेणं-आणणं अर्जदारावर पडल्यामुळे अपील राहिलं, मुदत द्यावी. आमचे वकील पेन परजत आले. ही बाई कोण, ती खरंच पडली का, पडली तर हिला उचलायला घरचं कुणी नव्हतं का, असे तीन प्रश्न त्यांनी वहीत मांडून आणले होते. मग त्यांची नजर माझ्या प्लास्टरवर गेली. त्यांनी ह्यांच्याकडे बघून हळूच विचारलं, हीच का ती मेहुणी? हीच, असं हे म्हणाले. वकिलांनी चहा घेतला आणि विरोध न करता परत गेले. मुदत मिळाली.

डॉक्टरांनी पाय उंचावर ठेवायला सांगितला होता. उशी चेपायची, रीम टोचायची. मग एक दिवस दाराजवळ आलेल्या गठ्ठ्यांपैकी लाल कापडात बांधलेला एक गठ्ठा ह्यांनी माझ्या पायाखाली सरकवला. उंची अगदी बेतशीर, कापड मऊ. वकिलांचे कारकून असे गठ्ठे सारखे आणून टाकत. त्यातलं कुठलं कुणाचं, हे ह्यांना कधीच माहीत नसतं, कारण ह्यांची दोन तत्त्वं आहेत. बांधायला आलेलं वाचायचं नाही, आणि कबूल केलेल्या दिवशी द्यायचं नाही. पहिलं तत्त्व हे स्वतः सांगतात. दुसरं सगळं शहर सांगतं. लग्नाच्या अल्बमचं काम ह्यांच्याकडे दिलं तर तो अल्बम बारशाला मिळतो, अशी ह्यांची ख्याती.

तिसऱ्या तारखेला मी घरीच होते, पाय लाल गठ्ठ्यावर. दुपारी धाकटी कोर्टातून थेट जिने चढून वर आली ती हसून हसून तिला बोलता येईना. मी पाणी दिलं, पाठ थोपटली, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. कोर्टात कुलूपवाल्यांच्या वकिलांनी पुन्हा मुदत मागितली. ते वयस्कर आणि अतिशय नम्र. म्हणाले, अपील लिहून तयार आहे, पण बाइंडरकडे अडकलंय. यावर आमचे वकील ताडकन उठले. कोण हा बाइंडर, अशा बेजबाबदार माणसामुळे माझ्या अशिलाने किती सोसायचं, त्याला इथे उभं करून जाब विचारला पाहिजे, असं ते पेन हवेत नाचवत बोलले. वयस्कर वकिलांनी नम्रपणे हात लांब केला आणि ह्यांच्याकडे दाखवलं.

न्यायाधीशबाईंनी ह्यांना विचारलं की अपील तुमच्याकडे आहे का. हे म्हणाले असेल, मी आतलं वाचत नाही. कोर्टातला शिपाईसुद्धा तोंड फिरवून हसला म्हणे. बाई मात्र हसल्या नाहीत. आठवडाभराची मुदत दिली, आणि ही शेवटची, असं बजावलं. त्या तारखेला बांधलेलं पुस्तक टेबलावर आलं नाही तर झालेला निकाल कायम.

धाकटी सांगत होती तेवढ्यात हे आले. चपला न काढता गठ्ठे उपसू लागले. निळा, पिवळा, पांढरा, एकेक सोडून बघितला. मग कंबरेवर हात ठेवून उभे राहिले आणि माझ्या पायाकडे बघू लागले. मी पाय उचलला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. आमचा कळसा मी पंधरवडाभर तुडवत बसले होते. कापड सोडलं तर पहिल्याच पानावर वर साडूचं नाव, खाली ह्यांचं. आमच्या खोलीवरचं अपील, माझ्या टाचेचा खळगा पडलेलं.

धाकटी गेल्यावर मी मनातलं बोलून टाकलं. मी काही संत नाही. म्हटलं, हा गठ्ठा आहे तसा राहू द्या. तुम्ही काहीच करायचं नाहीये, जे जन्मभर करत आलात तेच करा. आठवडा जाईल, निकाल कायम होईल, सुंठीवाचून खोकला गेला. हे पानं सारखी करत बसले होते. मी चिडले. आयुष्यात एकाचं काम वेळेवर दिलं नाहीत, बायकोला अंगठीसुद्धा लग्नाच्या दुसऱ्या वर्षी दिलीत, आणि आता पहिल्यांदा वेळ पाळायची ती साडूसाठी?

हे शांतपणे म्हणाले, "दुसऱ्याचं काम राहिलं तर लोक मला आळशी म्हणतात. ते चालतं. याचं राहिलं तर ती लबाडी होईल."

मी अबोला धरला. ह्यांनी पानं जुळवली, थोड्या थोड्या पानांच्या जुड्या केल्या, भोकं पाडली, आणि सुईदोरा घेऊन बसले. एरवी दोऱ्याला मेण मी लावून देते. पहिल्या दिवशी दिलं नाही. हे स्वतः लावत बसले आणि दोरा तीनदा तुटला. दुसऱ्या दिवशी मला ते बघवेना. लंगडत जाऊन मेण हातात घेतलं, पण बोलले नाही. इतकं निगुतीने शिवलेलं पुस्तक मी ह्यांच्या हातून फार दिवसांत पाहिलं नव्हतं. माझ्या टाचेचा खळगासुद्धा दाबून सपाट केला. कण्याला काळं कापड, कोपरे मापात, कडा पटाशीने हाताने तासलेल्या. आमची खोली हातची घालवायचं पुस्तक, आणि ते देखणं झालं होतं. मला रडू येत होतं आणि अभिमानही वाटत होता, त्यामुळे मी दोन्हींचा राग भांड्यांवर काढला.

तारखेच्या आदल्या संध्याकाळी हे पुस्तक घेऊन खाली निघाले. प्लास्टर नुकतंच निघालं होतं, मी काठी घेऊन मागे गेले. एवढे जिने मी उगाच उतरले नसते, पण भांडणानंतर हे पहिल्यांदाच साडूचं दार वाजवणार होते आणि ते चुकवायची माझी तयारी नव्हती. धाकटीने दार उघडलं. आत जेवणाच्या टेबलावर स्प्रिंगा, किल्ल्या, अर्धवट उघडलेली कुलुपं. माझ्याकडे कागद तसं तिच्याकडे लोखंड. कुलूपवाल्यांनी मान वर केली, ह्यांच्या हातातलं पुस्तक पाहिलं, आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"उद्या तारीख आहे."

"म्हणून तर आज आणलं," हे म्हणाले.

कुलूपवाल्यांनी पुस्तक घेतलं, उलटसुलट केलं, कणा दाबून पाहिला, कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला. शिवण पक्की आहे का, पुठ्ठा पूर्ण सुकला का, पानं सगळी आहेत का, असं एकेक विचारत गेले, आणि प्रत्येक होकाराला त्यांचा आवाज बारीक होत गेला. बिघाड हाती लागला नाही की त्यांचं तोंड असं होतं.

धाकटीला ते सहन झालं नाही. "भाऊजी," ती म्हणाली, "तुम्ही वेळेवर द्याल असं ह्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं हो."

मग तिने सगळं सांगितलं आणि कुलूपवाले खाली मान घालून एका स्प्रिंगशी खेळत राहिले. निकाल लागला त्याच रात्री तिने त्यांना बजावलं होतं, अपील केलंत तर मी वर ताईकडे राहायला जाईन. इकडे गल्लीत तर कुलूपवाल्यांनी डंका पिटलेला. अपील करावं तर घर जातं, न करावं तर नाक जातं. मुदत मागितली की दोन्ही राहतं. पहिल्यांदा दाढ धावून आली, मग माझा पाय. पाय बरा होऊ लागला तसे कुलूपवाले अस्वस्थ. आणि मग त्यांना आठवण झाली की अपील बांधायला साडूकडेच जाणार. ते निश्चिंत झाले. माझ्या साडूइतका भरवशाने उशीर करणारा माणूस या शहरात नाही, असं तिला म्हणाले आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा घोरत झोपले.

मला वाटलं, आता हे भडकणार. दुसऱ्या कुणाला असं म्हटलं असतं तर त्याने पुस्तक टेबलावर आपटलं असतं. हे खुर्ची ओढून बसले. कुलूपवाल्यांसमोरचं पुस्तक उचललं, चष्मा कपाळावर चढवला आणि कण्याजवळ डोळा नेऊन बराच वेळ बघत राहिले.

"छे," हे म्हणाले. "इथे एक टाका सैल आहे. असं काम मी हातून जाऊ देणार नाही. जरा मुदत द्या, परवा देतो."

टाका कुठेही सैल नव्हता. त्या दोऱ्याला मेण मी लावलं होतं.

कुलूपवाल्यांनी स्प्रिंग खाली ठेवली. "उद्या कोर्टात सगळं तुमच्यावर येईल."

"येऊ दे. माझी सवयच आहे ती."

एवढं बोलून ह्यांनी पुस्तक काखोटीला मारलं आणि आम्ही निघालो. जिन्यात मी विचारलं की मागच्या आठवड्यात जी लबाडी होती ती आज काय झाली. हे दोन पायऱ्या चढून थांबले आणि म्हणाले की तेव्हा ते माझ्यासाठी झालं असतं, आज त्याच्यासाठी होतंय. मी काठी टेकत मागोमाग चढले. मात्र दुसऱ्या दिवशी निघताना ह्यांनी पुस्तक पिशवीत घातलं तेव्हा मी बोललेच, आता हे कशाला? तर म्हणे, रात्रीतून त्याचं मन बदललं असेल तर? माणसाला अडकवायचं नाही. अशा माणसाशी संसार करायचा म्हणजे काय, ते माझं मला माहीत.

कोर्टात आम्ही दोघी बहिणी मागच्या बाकावर. न्यायाधीशबाईंनी अपील कुठे आहे विचारलं. वयस्कर वकील नम्रपणे उठले आणि म्हणाले की बाइंडरने अजून दिलेलं नाही. बाईंनी ह्यांना उभं केलं. हे म्हणाले, एक टाका सैल राहिला होता. आमचे वकील खूश होऊन उठले, म्हणाले की शेवटची तारीख गेली, आता निकाल कायम व्हावा. बाईंनी त्यांना हातानेच खाली बसवलं.

आणि इथे आमच्या घरच्या शहाणपणाची फजिती झाली. बाई म्हणाल्या, उशीर जर जिंकलेल्या बाजूनेच केला असेल तर त्याचा फायदा तिला कसा देता येईल? समोरच्याचे कागद हातात आले, आणि ते बांधले नाहीत, ही साधी दिरंगाई नाही. मी तसं निकालपत्रात लिहीन, यापुढे कोर्टाचं एकही काम तुमच्याकडे जाणार नाही, आणि समोरच्यांना अपिलासाठी आणखी महिनाभर मुदत देईन. त्यांनी लिहायला पेन उचललं.

म्हणजे खोली लांबली, काम गेलं, आणि वर नावाला बट्टा. तेलही गेलं, तूपही गेलं. हे पिशवी धरून उभे होते. कान लाल झाले होते, पण पिशवीतलं पुस्तक काढेनात. मी उठणार होते. काठी टेकलीसुद्धा. धाकटीने माझा हात धरला, कारण पुढच्या बाकावरून कुलूपवाले उठले होते.

त्यांच्या वकिलांनी नम्रपणे त्यांची बाही ओढली. त्यांनी ती सोडवून घेतली.

"मॅडम, पुस्तक तयार आहे," ते म्हणाले. "काल संध्याकाळी त्यांनी माझ्या घरी आणून दिलं होतं. टाका सैल नाही. मला अपील करायचं नाही, हे कळल्यावर त्यांनी ते परत नेलं, माझी लाज राखायला. आत्ताही त्यांच्या पिशवीत असेल."

ह्यांनी पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. बाईंनी ते उघडलं, मिटलं, कण्यावरून हात फिरवला. मग कुलूपवाल्यांना विचारलं, "अपील करायचं नव्हतं, तर इतके वेळा मुदत कशासाठी मागितलीत?"

कुलूपवाल्यांना बोलायची सवय नाही.

"हरलोय हे घशाखाली उतरायला वेळ लागतो, मॅडम," ते म्हणाले. "मला लागला."

इतक्या अर्जांत खरं कारण पहिल्यांदाच आलं होतं. दाढ खरी होती, पाय खरा होता, पण कारण हे होतं. या माणसाला मी मनातल्या मनात वेळकाढू, चेंगट, आणखी काय काय म्हटलं होतं, आणि त्याच्या पाठीवर बसून तीन जिने उतरले होते. भर गल्लीत 'जिंकतो' म्हणणं सोपं असतं. भर कोर्टात 'हरलो' म्हणायला छाती लागते.

बाईंनी अर्ज निकाली काढला, निकाल कायम केला, सील काढायचा हुकूम दिला. ह्यांच्याबद्दलचं काही लिहिलं नाही. पुस्तक परत देताना मात्र ह्यांच्याकडे बघून म्हणाल्या की इतकं चांगलं काम येतं तर आमच्या दप्तरातली पुस्तकं अशी का सुटतात? ह्यांनी त्यावर पायातल्या चपला निरखल्या. आमचे वकील जिंकल्याबद्दल सगळ्यांशी हात मिळवत फिरत होते. पेन मात्र ते वयस्कर वकिलांच्या टेबलावरच विसरून गेले.

बाहेर आलो. दोघे साडू पायऱ्यांवर जरा घुटमळले. मग कुलूपवाले म्हणाले की खिडकीच्या बिजागऱ्या गंजल्या असतील, आणि हे म्हणाले की मागच्या खोलीत भिंत फोडून एक झरोका काढता येईल, नाही म्हटलं तरी कानशीच्या कामाला उजेड लागतोच. कुलूपवाले थबकले. तेवढंच ऐकायला ते इतके दिवस थांबले होते, असं मला वाटलं. मग कीस उडू नये म्हणून मध्ये काय लावायचं यावर दोघांचं सुरू झालं, काच की पुठ्ठा, आणि बोलता बोलता दोघे चालू लागले. धाकटी माझ्या काठीच्या चालीने चालत होती. ते दोघे कोपऱ्यापर्यंत पोचले तेव्हा मी मागून हाक मारली, अहो, जरा हळू, माझा पाय आहे. दोघांपैकी एकालाही ऐकू गेलं नाही. ते अजून बोलतच होते.